शाळेतल्या गरम जेवणामागचा माणूस : नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात उतरलेले, अमरावतीच्या तुरुंगात राहिलेले कामराज

दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेजवळून गेलात तर फोडणीचा वास येतो. आत पोरं ताटं घेऊन रांगेत बसलेली असतात आणि एक मावशी पातेल्यातून खिचडी वाढत असते. आपल्याकडे हे इतकं रोजचं झालंय की शाळेत जेवण कधीपासून मिळायला लागलं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

या ताटाचा माग काढत मागे गेलं की आपण तमिळनाडूत पोहोचतो. तिथे भेटतो एक माणूस, ज्याची शाळा सहावीच्या आसपास सुटली. तो पुढे ९ वर्षं मुख्यमंत्री राहिला आणि देशाचे दोन पंतप्रधान ठरवण्यात त्याचा शब्द मोठा होता. मात्र तमिळनाडूतली म्हातारी माणसं त्याची आठवण काढतात ती शाळेतल्या जेवणासाठी.

त्यांचं नाव के. कामराज. आणि त्यांच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या विदर्भातून जातो.

मूठभर तांदळावर चालणारी शाळा

१५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टी या गावात त्यांचा जन्म झाला. आज हे गाव विरुदुनगर म्हणून ओळखलं जातं. वडील कुमारस्वामी नाडार यांचा नारळाचा धंदा होता. आईचं नाव शिवकामी. मुलाचं नाव कुलदेवतेवरून कामाची ठेवलं, पण आई त्याला लाडाने राजा म्हणायची. दोन्ही नावं जोडली गेली आणि कामराज झालं.

त्या काळात नाडार समाजाला अनेक देवळांत प्रवेश नव्हता. ताडाच्या झाडावर चढून ताडी-नीरा काढणारी जात म्हणून त्यांना खालचं मानलं जायचं. विरुदुनगरसारख्या बाजारपेठेच्या गावांत मात्र या समाजाने व्यापारात जम बसवला आणि हातात पैसा आल्यावर स्वतःच्या शाळा काढल्या.

कामराज ज्या क्षत्रिय विद्याशाळेत गेले, तिचा खर्च भागवण्याची पद्धत भारी होती. घरोघरी बाई चुलीवर भात चढवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायची. ते तांदूळ गोळा व्हायचे, विकले जायचे आणि त्या पैशावर शाळा चालायची. तमिळमध्ये याला पिडी अरिसी म्हणतात, म्हणजे मुठीचा तांदूळ. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामामुळे मुष्टीफंड हा शब्द माहितीचा आहे, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे कामराज ज्या शाळेत शिकले ती गावातल्या बायकांनी रोज आपल्या घासातून बाजूला काढलेल्या तांदळावर उभी होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कामराज सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. आईने दागिने मोडले, पैसे एका व्यापाऱ्याकडे ठेवले आणि व्याजावर घर चालवलं. ते किती दिवस पुरणार? अकरा-बारा वर्षांच्या कामराजांची शाळा सुटली. हुशारी कमी पडली किंवा शिकायची आवड नव्हती असं काही नव्हतं. घरात कमावणारं माणूस उरलं नव्हतं, एवढंच. त्यांना मामाच्या कापडाच्या दुकानात बसवलं गेलं.

दुकानात कापड मोजता मोजता पोरगा पेपर वाचायला लागला. गिऱ्हाईक नसलं की सभा ऐकायला पळायचा. १९१९ मध्ये जालियनवाला बागेची बातमी आली तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यानंतर दुकानात त्यांचं मन रमलं नाही. १९२१ मध्ये गांधीजी मदुराईला आले, तेव्हा कामराजांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

१९२३ : नागपूर

आता नागपूर कुठून आलं?

१९२३ मध्ये नागपूर देशाच्या राजकारणाचं केंद्र झालं होतं. कारण होतं झेंडा. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्सच्या बाजूने मिरवणूक न्यायला सरकारने बंदी घातली. सिव्हिल लाईन्स म्हणजे साहेब लोकांची वस्ती. तिथून काळ्या माणसाने स्वतःचा झेंडा घेऊन जायचं नाही, असा सरळ हिशोब होता.

१ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, पोलीस अडवायचे, अटक करायचे. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघायची. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रं हातात घेतली. देशभरातून स्वयंसेवक यायला लागले. दीड हजाराहून जास्त माणसं तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्याने गेली आणि सरकारला ती अडवता आली नाही.

या झेंडा सत्याग्रहात ज्यांनी भाग घेतला, त्यात विरुदुनगरचे कामराजही होते. वय जेमतेम विशीचं, शिक्षण अर्धवट. काँग्रेसचं काम गावोगाव करायचं, वर्गणी गोळा करायची, पत्रकं वाटायची. मोठ्या वकील-बॅरिस्टर नेत्यांच्या पक्षात ते सतरंज्या उचलणाऱ्या फळीतले कार्यकर्ते होते.

पुढे १९३० मध्ये वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात ते पहिल्यांदा तुरुंगात गेले. मग तुरुंगात जाणं-येणं नेहमीचं झालं.

अमरावतीचा तुरुंग

विदर्भाशी त्यांचा संबंध नागपुरावर संपत नाही. १९४० मध्ये ते मद्रास प्रांताच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वर्ध्याला निघाले होते. वैयक्तिक सत्याग्रहासाठी कोणाकोणाला पाठवायचं, त्या यादीला गांधीजींची संमती घ्यायची होती. वर्ध्याला पोहोचायच्या आधीच गुंटूरला त्यांना अटक झाली.

१९४२ मध्ये मुंबईला चले जाव ठराव झाला. कामराज तिथे होते. परत जाताना प्रत्येक मोठ्या स्टेशनवर पोलीस नेत्यांची वाट पाहत थांबले होते. कामराज अरक्कोणमला पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटले. राणीपेट, तंजावर, त्रिची, मदुराई असं फिरून कार्यकर्त्यांपर्यंत आंदोलनाचा निरोप पोहोचवला. सगळं काम उरकलं आणि मग विरुदुनगरच्या पोलिसांना स्वतःच कळवलं की या, आता मी मोकळा आहे.

त्यांना पाठवलं अमरावतीच्या तुरुंगात. अमरावती तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होती. तिथे त्यांच्यासोबत कोण होतं बघा. आंध्रचे टी. प्रकाशम, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी, त्यांच्यानंतर राष्ट्रपती झालेले नीलम संजीव रेड्डी आणि कामराजांचे राजकीय गुरू एस. सत्यमूर्ती. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी गिरी विरुद्ध रेड्डी असा जो गाजलेला सामना झाला, त्यातले दोघेही कधीकाळी अमरावतीच्या एकाच तुरुंगात होते.

पण अमरावतीची कामराजांची आठवण कडूच असणार. तुरुंगाकडे आणताना झालेल्या प्रवासात सत्यमूर्तींच्या मणक्याला इजा झाली. त्या दुखण्यातून ते उठलेच नाहीत. मार्च १९४३ मध्ये मद्रासच्या दवाखान्यात त्यांचं निधन झालं. कामराज १९४५ च्या जूनमध्ये सुटले, तेव्हा त्यांना राजकारणात हात धरून आणणारा माणूस राहिला नव्हता.

तुरुंगाची ही वर्षं कामराजांसाठी शाळेसारखीच होती. जे शिक्षण लहानपणी सुटलं, ते त्यांनी कोठडीत पुस्तकं आणि पेपर वाचून भरून काढलं. इंग्रजीही तिथेच वाचायला शिकले.

शाळा न शिकलेला मुख्यमंत्री

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. तमिळनाडू हे नाव १९६९ मध्ये आलं, तोवर राज्याचं नाव मद्रासच होतं.

त्यांच्या आधी मुख्यमंत्री होते सी. राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी. राजाजींनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली होती. पोरांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेला वेळ घरी आई-वडिलांचा धंदा शिकायचा. कागदावर हे व्यवहारी वाटत होतं. पण ज्या समाजात धंदा जातीवर ठरतो, तिथे त्याचा अर्थ काय होणार? न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरायचा, चांभाराच्या पोराने चामडं. कुलशिक्षण असं नाव ठेवून लोकांनी या योजनेला कडाडून विरोध केला. कामराजांनी आल्या आल्या ती मोडीत काढली.

मंत्रिमंडळ छोटंसं केलं, फक्त ८ जणांचं. नेतेपदाच्या निवडणुकीत जे विरोधात उभे होते त्या सी. सुब्रमण्यम यांना आत घेतलं आणि अर्थ व शिक्षण ही खाती त्यांच्याकडे ठेवली. हेच सुब्रमण्यम पुढे हरितक्रांतीच्या काळात देशाचे कृषिमंत्री होते आणि १९९० ते १९९३ महाराष्ट्राचे राज्यपालही. शिक्षण खात्याचा कारभार सांभाळायला एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्यासारखा तळमळीचा अधिकारी मिळाला.

ठरलं असं की पोराला चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा हवी. शाळा काढल्या, मास्तर नेमले. तरी पोरं येईनात.

रेल्वे फाटकापाशी

यावर तमिळनाडूत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कामराज तिरुनेलवेली भागात दौऱ्यावर होते. चेरनमहादेवीजवळ रेल्वेचं फाटक पडलं म्हणून गाडी थांबली. बाजूच्या माळावर एक पोरगा गुरं चारत होता. मुख्यमंत्री खाली उतरले आणि त्याला शाळेत का जात नाहीस म्हणून विचारलं. पोराने उलट विचारलं की शाळेत गेलो तर जेवायला कोण देणार. जेवण मिळालं तर येशील का, असं विचारल्यावर त्याने होकार दिला.

प्रसंग अगदी असाच घडला का, हे बाजूला ठेवू. त्या पोराने मांडलेला हिशोब मात्र अगदी खरा होता. गुरं राखणाऱ्या पोराला मालकाकडून दुपारची भाकरी किंवा पेज मिळते. शाळेत गेला की ती बंद होते. म्हणजे फी माफ असली तरी गरिबाच्या घराला शाळा फुकट पडत नाही. एका घासाचं नुकसान करूनच पोराला शाळेत पाठवावं लागतं.

कामराजांना हे कुणी अहवालातून समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची स्वतःची शाळा अशीच सुटली होती.

खरं सांगायचं तर शाळेत जेवण ही कल्पना त्यांची पहिली नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातल्या एका शाळेत पोरांना जेवण द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा महापालिकेत जस्टिस पार्टीचे पी. त्यागराय चेट्टी प्रमुख होते. एका पोरामागे दिवसाला एक आण्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असं ठरलं होतं. ते काम शहरातल्या काही शाळांपुरतं राहिलं. एका शहरातला हा प्रयोग राज्यभरच्या गावांत न्यायचं काम कामराजांनी अंगावर घेतलं.

पैसा आणायचा कुठून?

कुठल्याही सरकारी योजनेत येतो तोच प्रश्न इथेही आला. अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की तिजोरीत एवढा पैसा नाही. त्यांचंही चूक नव्हतं. १९५५-५६ चा काळ होता, देशात धान्याचीच टंचाई होती. शाळांना छप्पर नाही, मास्तरांचे पगार भागत नाहीत, मग जेवण कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते.

कामराजांना तेव्हा मूठभर तांदूळ आठवला नसेल तरच नवल. त्यांनी सुरुवात सरकारी पैशाने केलीच नाही. गावाने आपल्या शाळेतल्या गरीब पोरांना जेवू घालायचं. कुणी तांदूळ द्यावा, कुणी डाळ, कुणी जळण, कुणी भांडी. गरज पडली तर आपण गावोगाव फिरून भीक मागू, असं ते जाहीर सभांत सांगायचे. १९५६ मध्ये कवी सुब्रमण्य भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरमला, या कामाची सुरुवात झाली.

लोक पुढे आले. मग कामराज अर्थखात्याकडे वळले. लोक द्यायला तयार आहेत हे आता दिसत होतं, त्यामुळे सरकारला हात आखडता घेणं अवघड झालं. १९५७ पासून सरकारने खर्चाचा वाटा उचलला. ढोबळ हिशोब होता एका जेवणामागे १० पैसे. त्यातले ६ सरकारचे, ४ गावाचे. म्हणजे ६०-४०.

आज केंद्र आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात पोषण आहाराचा शिजवण्याचा खर्च वाटला जातो, तोही ६०-४० च. फरक एवढाच की तेव्हाचे ४० गावाकडून यायचे, आज ते राज्याच्या तिजोरीतून येतात.

ताटात असायचा भात आणि सांबार. पंचपक्वान्न नव्हतं, पण ते शाळेतच शिजलेलं आणि गरम असायचं. पुढे १९६१ पासून केअर या अमेरिकन संस्थेकडून दूध पावडर, तेल, मक्याचं पीठ यायला लागलं आणि योजना वाढली.

शाळेचं बाकीचं कामही याच पद्धतीने चाललं. गावांत शाळा सुधारणा परिषदा भरायच्या. लोक वर्गखोली बांधून द्यायचे, फळे-बाकडी द्यायचे. पुढे पोरांना गणवेश मिळायला लागले. गणवेशामागे कारण होतं. एकाच्या अंगावर रेशमी सदरा आणि दुसऱ्याच्या अंगावर चिंध्या असं एका बाकावर दिसायला नको होतं.

पंगतीचंही तसंच होतं. ज्या गावात एका जातीच्या घरचं पाणी दुसरी जात पीत नव्हती, तिथे पोरं एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खायला लागली. हे सगळीकडे सुरळीत झालं असं समजू नका. शाळेतल्या पंगतीत जात आजही मधूनमधून डोकं वर काढते. पण ती पंगत मांडली गेली, ही गोष्ट छोटी नव्हती.

योजनेत उणिवा होत्याच. गावाच्या वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टीचं एक दुखणं असतं. ज्या गावात देणारे हात जास्त तिथे चूल रोज पेटते आणि जे गाव सगळ्यात गरीब, म्हणजे जिथे जेवणाची गरज सगळ्यात जास्त, तिथेच वर्गणी कमी पडते. दात्याच्या मर्जीवर चालणारं जेवण दाता थांबला की थांबतं. जेवण उपकार म्हणून द्यायचं की हक्क म्हणून, हा प्रश्न कामराजांच्या काळात सुटला नाही. तो सुटायला पुढे चार-पाच दशकं गेली.

दिल्ली, पराभव आणि २ ऑक्टोबर

१९६३ मध्ये कामराजांनी स्वतःहून मुख्यमंत्रिपद सोडलं. ज्येष्ठ नेत्यांनी सत्ता सोडून पक्षाचं काम करावं, असं त्यांनी नेहरूंना सुचवलं होतं. हाच तो प्रसिद्ध कामराज प्लॅन. ९ वर्षं ज्या खुर्चीवर बसले ती त्यांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी रिकामी केली. त्यानंतर ते काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. नेहरूंनंतर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्या दोन्ही निवडींत कामराज मध्यस्थानी होते. स्वतः मात्र त्या खुर्चीच्या वाटेला गेले नाहीत.

१९६७ च्या निवडणुकीत तमिळनाडूत द्रमुकची लाट आली. धान्याची टंचाई आणि हिंदीविरोधी आंदोलन यांमुळे लोक काँग्रेसवर चिडले होते. ज्या विरुदुनगरात कामराज जन्मले, तिथेच पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांना हरवलं. ज्याने गावोगाव शाळा नेली त्याचा पराभव विद्यार्थी चळवळीतून आलेल्या पोराने करावा, यात नियतीची थट्टा दिसते. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर शिकलेली पोरं मतदान करायला आणि प्रश्न विचारायला लागली होती, हेही खरं.

लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. आई विरुदुनगरच्या जुन्याच घरात राहिली. नगरपालिकेने तिच्या घरी खास नळ जोडून दिला तेव्हा कामराजांनी तो काढायला लावला, असा किस्सा तिकडे सांगतात. पाणी सगळ्या गल्लीला येईल तेव्हा तिलाही येईल, हा त्यांचा नियम.

२ ऑक्टोबर १९७५. गांधी जयंतीचा दिवस. दुपारच्या झोपेतच कामराज गेले. वय ७२. मागे काय उरलं याचा हिशोब तमिळनाडूत पाठ आहे. शंभर-सव्वाशे रुपये, चार कपडे, चपला आणि पुस्तकं. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

योगायोग बघा. नेमक्या त्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. म्हणजे आपली अंगणवाडी. शाळेच्याही आधीच्या वयातल्या पोरांना पूरक आहार देणारी.

मग महाराष्ट्रात खिचडी कधी आली?

तमिळनाडूत १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी ही योजना फार मोठी केली. स्वतः लहानपणी उपाशी झोपलेला हा दुसरा मुख्यमंत्री. वर्गणीची अट गेली, स्वयंपाकी आणि मदतनीस सरकारने नेमले. पुढे ताटात अंडंही आलं.

केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभरासाठी योजना आणली. पण बहुतेक राज्यांनी त्यातून पळवाट काढली. शिजवण्याऐवजी कच्चं धान्य वाटायचं. महाराष्ट्रातही तेच झालं. ज्या पोराची हजेरी ८० टक्के, त्याला महिन्याला ३ किलो तांदूळ. तुमच्यापैकी जे त्या काळात प्राथमिक शाळेत होते, त्यांना पिशवी घेऊन तांदळाच्या रांगेत उभं राहिल्याचं आठवत असेल.

यात बिघडलं काय? तांदूळ घरी गेला की तो पाच-सहा तोंडांत वाटला जातो. पोराच्या वाट्याला किती येतो ते कुणाला कळत नाही. आणि पोरगं शाळेत दुपारी उपाशीच राहतं. रेल्वे फाटकापाशी विचारलेल्या प्रश्नाला तांदळाची पिशवी हे उत्तरच नव्हतं. भूक दुपारी एक वाजता लागते, महिन्याच्या शेवटी नाही.

२००१ मध्ये पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकारी गोदामांत धान्य सडतंय आणि माणसं भुकेने मरतायत, असं गाऱ्हाणं होतं. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पोराला शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. २००४ मध्ये पुढचा आदेश आला. दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही जेवण द्या आणि स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या.

त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांत चूल पेटली आणि खिचडी आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण हक्क म्हणून लिहून दिलं. आज योजनेचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे.

हक्क कागदावर आला तरी चूल आपोआप पेटत नाही. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पुन्हा कोरडा शिधाच वाटावा लागला. ताटात अंडं द्यायचं की नाही, त्याचा पैसा कुणी द्यायचा, यावर दरवर्षी वाद होतो. आणि ती खिचडी शिजवणारी मावशी? तिला पगार नाही, मानधन मिळतं, तेही अनेकदा उशिरा.

म्हणूनच डिसेंबरमध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की शालेय पोषण आहार कामगारांचे आणि अंगणवाडी सेविकांचे मोर्चे निघतात. ते विधानभवनाच्या दिशेने जातात आणि वाटेत पोलिसांच्या कठड्यांपाशी अडवले जातात. विधानभवन आहे सिव्हिल लाईन्समध्ये. १९२३ साली जिथे झेंडा न्यायला बंदी होती, तोच हा भाग.

कामराजांचा जन्मदिवस, १५ जुलै, तमिळनाडूत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो. तिथे २०२२ पासून प्राथमिक शाळेत सकाळचा नाश्ताही मिळायला लागलाय. कारण साधं आहे. पोराला भूक सकाळीही लागते.